भुताला आधी पत्ता द्या: मराठी अर्बन फँटसी लिहिणाऱ्यांसाठी

ओळखीतली बरीच मुलंमुली मला आपल्या गोष्टी वाचायला पाठवतात आणि त्यात हल्ली अर्बन फँटसी खूप असते, म्हणजे आजचं शहर, मोबाईल, लोकल, ऑफिस, आणि त्यातच कुठेतरी एखादं भूत नाहीतर राक्षस नाहीतर चारशे वर्षं जगलेला माणूस. यातल्या बऱ्याच गोष्टींत वांद्र्याच्या टॉवरमध्ये एक देखणा व्हॅम्पायर राहत असतो. तो परदेशी आहे याबद्दल माझी काही तक्रार नाही, कुणीही कुठलंही भूत लिहावं. तक्रार ही आहे की तीच गोष्ट उचलून दिल्लीला नेली किंवा शिकागोला नेली तरी एक ओळ बदलावी लागत नाही. मग कुणीतरी सांगतं की अरे आपलं काहीतरी घे, तर लेखक फक्त नाव बदलतो. व्हॅम्पायरची हडळ होते पण ती उन्हात जळते, मानेला चावते आणि चांदीला घाबरते. आपल्याकडच्या कुठल्या आजीने अशी हडळ सांगितलीये?

मी स्वतः बरीच वर्षं हेच करत होते म्हणून मला ते लगेच दिसतं. आता मी एकच गोष्ट पाळते आणि दुसऱ्यांनाही तीच सांगते: भुताचा नियम जुना ठेवा, जागा नवी द्या. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, जागा जुनीच घेतात (पडका वाडा, विहीर, स्मशान) आणि भुताला नवीन पॉवर देतात, म्हणजे ते वायफाय हॅक करतं, मोबाईलमधून बाहेर येतं वगैरे. त्यातून एक धक्का मिळतो आणि दुसऱ्या पानावर तो संपतो. जुना नियम जसाच्या तसा ठेवून त्याला आजच्या पत्त्यावर आणून बसवलं की मात्र गोष्ट आपोआप पुढे सरकायला लागते, कारण तो नियम पाळता पाळता भुतालाही त्रास होतो आणि माणसांनाही.

नियम म्हणजे काय ते आधी शोधा

आपल्या भुतांकडे नीट बघितलं तर लक्षात येतं की त्यांच्याकडे पॉवर फार कमी आहेत, त्यांचं काहीतरी येणं बाकी आहे. प्रत्येक भुतामागे एक अर्धवट राहिलेलं काम आहे. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी, सोडमुंज (मुंजीपासूनचं ब्रह्मचर्य संपवणारा विधी) व्हायच्या आत गेलेला मुलगा, तो पिंपळावर राहतो. समंध हा शब्दच संबंधावरून आलाय, ज्याचा जीव घरात, जमिनीत, पुरलेल्या धनात अडकला आणि ज्याचं करायला मागे कुणी उरलं नाही तो समंध. जखीण हे नाव यक्षिणीवरून आलंय, आणि कोकणात नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचं भूत म्हणजे जखीण असं मानतात. हडळ आणि अलवंतीण यांचा संबंध बाळंतपणात किंवा बाळंतपणानंतर लगेच गेलेल्या बाईशी जोडतात. गिऱ्हा हे बुडून मेलेल्या माणसाचं भूत, तो पाण्यात राहतो आणि रात्री उतार शोधणाऱ्याला हाक मारून खोल पाण्यात नेतो. देवचार किंवा राखणदार तर त्रास द्यायला नसतोच, तो सिंधुदुर्गात आणि गोव्यात गावाची हद्द राखतो, रात्री हातात काठी घेऊन फिरतो आणि त्या बदल्यात त्याला वर्षातून एकदा त्याचा मान द्यावा लागतो, कुठे नारळ, कुठे कोंबडा, कुठे दारू आणि विडी.

म्हणून लिहायच्या आधी एका कागदावर उतरवा की हा जिवंत असताना कोण होता, त्याचं काय राहून गेलं, तो नेमका कुठल्या जागेला बांधला गेलाय, काय मिळालं तर तो शांत होतो आणि तो कुणाचं ऐकतो. तो काय काय करू शकतो याची यादी अजिबात करू नका. पहिल्या पाचांची उत्तरं पक्की झाली की तो काय करेल ते तुम्हाला गोष्ट लिहितानाच कळतं, आणि यादी आधी केलीत तर गोष्ट म्हणजे नुसती मारामारी होते.

हे सगळं शोधायचं कुठे असं विचाराल तर पहिलं उत्तर घरातली म्हातारी माणसं, त्याबद्दल शेवटी सांगते. दुसरं म्हणजे जुनी पुस्तकं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (1857 ची आवृत्ती इंटरनेटवर फुकट बघता येते) उघडून झोटिंग, खवीस, गिऱ्हा हे शब्द वाचत बसा, एकेका नोंदीत एकेक गोष्ट लपलेली आहे. खवीस हा शब्द अरबी खबीसवरून आलाय हे कळलं की लगेच समुद्र, बंदर, गलबतं डोळ्यासमोर येतात. आणि कोकणच्या लोकसमजुतींवर आर. ई. एन्थोवेन या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1915 मध्ये काढलेला संग्रह आहे, त्याची स्वतःचीच कहाणी विलक्षण आहे. त्यातली माहिती मुळात नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी जमवलेली होती, गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून. त्याच जॅक्सनना 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या, आणि नंतर ते कागद एन्थोवेनकडे आले. म्हणजे आपण आज हडळीबद्दल जे वाचतो त्यातलं कितीतरी कुठल्यातरी खेड्यातल्या मास्तरांनी कंदिलाच्या उजेडात लिहून साहेबाला पाठवलेलं असणार. मला तर ते मास्तरच एका कादंबरीचे नायक वाटतात.

पण तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ते मास्तर बहुतेक शिकलेल्या, वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींतले पुरुष होते, त्यामुळे कोण मेल्यावर कुठलं भूत होतं या याद्यांमध्ये जात आणि बाई याबद्दलची त्या काळची सगळी मतं ठासून भरलीयेत. ब्राह्मण मेला तर ब्रह्मसमंध, विद्वान आणि तापट, आणि गावकुसाबाहेरचा मेला तर घाणेरडं, ओबडधोबड काहीतरी. बाळंतपणात मरणाऱ्या बायका त्या काळी खूप होत्या आणि ज्या बाईला कुणी वाचवू शकलं नाही तिलाच गावाने भीतीची वस्तू करून टाकलं. हे तुम्ही आंधळेपणाने उचललंत तर तो जुना अन्याय तुमच्या नावावर जमा होतो. यादी जरूर वापरा, पण ती यादी कुणी केली हेही गोष्टीत कुणाला तरी विचारू द्या.

मुंजाचं उदाहरण, जरा सविस्तर

समजा डोंबिवलीतली एक जुनी सोसायटी आहे, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, मागे कंपाउंडला टेकून पिंपळ. रिडेव्हलपमेंट ठरतंय. बिल्डरच्या प्लॅनमध्ये पिंपळाच्या जागी पार्किंग आहे.

आता मुंजाचा नियम बघा. तो लहान मुलगा आहे. हे किती लोक विसरतात याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं, त्याला अक्राळविक्राळ करतात, दात देतात, गुरगुरायला लावतात. अहो तो आठ-दहा वर्षांचा पोरगा आहे, नुकतीच मुंज झालेली, डोक्यावर घेरा, कंबरेला लंगोटी, संध्या पाठ करताना अडखळणारा. जुन्या समजुतींमध्येही तो खोड्याच काढतो, खडे मारतो, झाडाखालून जाणाऱ्याला सतावतो, जीव घेणारा असा तो क्वचितच असतो. मग तो त्या कंपाउंडमध्ये सत्तर-ऐंशी वर्षं काय करत असेल? खेळत असणार. सोसायटीत जन्मलेलं प्रत्येक मूल काही वर्षं त्याच्याबरोबर खेळलं असणार, लपाछपीत एक गडी जास्त आहे हे पोरांना माहीत असणार आणि मोठ्यांना नसणार. आणि मग प्रत्येक मूल दहा-अकराचं होऊन त्याला विसरून गेलं असणार.

सोसायटीचे चेअरमन आता पासष्ट वर्षांचे आहेत आणि ते तिथेच वाढलेत.

बस, इथे गोष्ट उभी राहिली, आणि आपण मुंजाला एकही नवीन पॉवर दिलेली नाही. आता जागेचे नियम आणा. रिडेव्हलपमेंटला 51 टक्के सभासदांची संमती लागते आणि त्यात चेअरमनचीही सही आलीच. झाड तोडायचं तर 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, झाडावर नोटीस चिकटवून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस मुंजाच्या घराच्या दारावर लागलीये! त्याला वाचता येतं का? जुना मुंजा असेल तर कदाचित मोडी थोडं येत असेल, ही सरकारी मराठी त्याला कुणीतरी वाचून दाखवायला हवी. कोण वाचून दाखवेल? तिसऱ्या मजल्यावरची आठ वर्षांची मुलगी, जी सध्या त्याच्याशी खेळते. आणि हरकतीच्या अर्जात नाव, पत्ता, सही लागते, मुंजाचं तर नावच कुणाला आठवत नाही.

शेवट मी मुद्दाम सांगत नाही, पण रस्ते बघा. त्याची सोडमुंज लावून त्याला मोकळं करता येईल, त्यासाठी त्याचं नाव आणि गोत्र शोधावं लागेल. पिंपळाची फांदी दुसरीकडे लावता येईल, पण तो झाडाला बांधलाय की जागेला हे तुम्ही आधी ठरवलेलं असायला हवं, मध्येच सोयीप्रमाणे बदलायचं नाही. किंवा चेअरमनना सगळं आठवत असेल आणि तरीही ते सही करतील, कारण गुडघे गेलेत, लिफ्ट हवीये, मुलीचं कर्ज आहे. मला विचाराल तर तीच सगळ्यात खरी गोष्ट आहे.

नियमाची किंमत वाढवा

दुसरी युक्ती मी चकव्यावरून शिकले. चकवा लागतो म्हणजे काय तर ओळखीच्या रानात माणूस गोल गोल फिरत राहतो आणि परत त्याच झाडापाशी येतो. त्यावरचा जुना उपाय अगदी सोपा आहे, जिथे आहात तिथे बसून राहायचं आणि उजाडायची वाट बघायची. गावात हे जमायचं, फार तर घरचे काळजी करायचे.

आता हाच चकवा घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये एका डिलिव्हरी करणाऱ्या पोराला लागू दे. विंग ए, विंग बी, विंग सी, परत विंग ए. मॅपवर निळा ठिपका जागचा हलत नाहीये. त्याला आजीने उपाय सांगितलेला आहे, त्याला तो पक्का माहीतही आहे, पण बसून राहिला तर ऑर्डर कॅन्सल, रेटिंग खाली, आजचा इन्सेंटिव्ह गेला, आणि बाईकचा हप्ता उद्या आहे. उपाय तोच, फुकटचा, पण आज त्याला तो परवडत नाही. जुन्या भुतात बदल न करता ते आजचं कसं होतं हे मला कुणी विचारलं की मी हेच उदाहरण देते.

सटवाईचं पण असंच. बाळाच्या सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते, म्हणून पाचवी किंवा सहावी पुजताना कोरा कागद आणि पेन ठेवतात. सटवाई काही भूत नाही, पण अर्बन फँटसीला ती अगदी तयार कॅरॅक्टर आहे. पूर्वी बाळ घरातच असायचं. आज सहाव्या रात्री बाळ कुठे असेल सांगता येत नाही, घरी असेल, आईच्या माहेरी असेल, किंवा वेळेआधी झालं म्हणून काचेच्या पेटीत असेल, जिथे आईलासुद्धा विचारून आत जावं लागतं. मग सटवाई त्या रात्री काय करते? सॅनिटायझर लावून आत जाते का? कपाळावर टोपी आहे, नळ्या आहेत, लिहायला जागा कुठे? आणि त्याच वॉर्डात, शंभर वर्षांपूर्वी त्याच जागी सुइणीच्या हातात गेलेली एखादी हडळ अजून असेल तर? जुन्या वर्णनात हडळ पुढून भरलेली आणि पाठीमागून नुसता सापळा असते. तिला रात्रपाळीची आया करा जी कधी कुणाकडे पाठ करत नाही, बाळाला घेऊन खोलीतून निघते तीसुद्धा उलट्या पावलांनी. वाचकाला कारण सांगू नका, मराठी वाचक तिसऱ्या वेळेला स्वतःच ओळखतो आणि तेव्हा त्याच्या अंगावर जो काटा येतो तो तुमच्या दहा वाक्यांनी येणार नाही.

याच कारणाने पिंपळ, तिठा, तिन्हीसांजा, उतारा हे शब्द समजावून सांगत बसू नका. चौकात पडलेला नारळ आणि लिंबू दिसलं की आपला माणूस नकळत कडेने जातो, त्या पावलाच्या हालचालीतच सगळं आलं.

जादू म्हणजे करार

आता जादूचे नियम. इंग्रजी पुस्तकं वाचून बरेच जण मंत्र, ऊर्जा, लेव्हल असलं काहीतरी रचतात. आपल्याकडे कोकणात त्यापेक्षा कितीतरी सुंदर व्यवस्था तयार आहे: गाऱ्हाणं आणि कौल. एक मानकरी किंवा गुरव देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने बोलतो, बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, तेंची राखण कर रे म्हाराजा, आणि मागून सगळे म्हणतात व्हय म्हाराजा. त्यात मागणं असतं, कबुली असते, चूक झाली असेल तर माफी असते, आणि बदल्यात काय देणार तेही असतं. मग कौल लावून उत्तर घ्यायचं, पाकळी उजवीकडची पडते का डावीकडची. म्हणजे एक बाजू बोलते, दुसरी बाजू उत्तर देते, आणि साक्षीला अख्खा गाव असतो. याला मी करार म्हणते. मान चुकला की करार मोडला, आणि करार मोडल्यावर जे होतं ती तुमची गोष्ट.

आणि शहराला हे लागू होत नाही असं समजू नका. मुंबईची सगळ्यात जुनी अर्बन फँटसी तर महालक्ष्मीची आख्यायिका आहे. अठराव्या शतकात वरळीच्या खाडीला बांध घालत होते आणि तो पुन्हा पुन्हा कोसळत होता. मग म्हणे कामावरच्या पाठारे प्रभू इंजिनियरच्या स्वप्नात देवी आली, आम्ही समुद्रात आहोत, आधी बाहेर काढा. मूर्ती काढल्या, बांध टिकला, देऊळ झालं. बघा, सरकारी प्रोजेक्ट, डेडलाईन, इंजिनियर, आणि समुद्राच्या तळाशी बसलेली, आपला मान मागणारी शक्ती! त्याच किनाऱ्यावर कोस्टल रोडचा वरळी ते मरीन ड्राइव्ह हा टप्पा 2024 मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या पुलाच्या वेळी वरळीच्या कोळ्यांनी होड्या जाव्यात म्हणून दोन खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं होतं. यावेळी स्वप्न कुणाला पडलं असेल? टनेलच्या मशीनवर रात्रपाळी करणाऱ्या परप्रांतातल्या पोराला पडलं आणि स्वप्नातली भाषाच त्याला कळली नाही, असं करून बघा.

मुंबईतल्या विहिरींचंही असंच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाचे डास होतात म्हणून नगरपालिका विहिरी बंद करायला लागली आणि लोकांनी हरकत घेतली की विहिरीत राहणाऱ्यांचं काय. पालिकेतच मोठ्या हुद्द्यावर असलेल्या रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी यावरून 1918 मध्ये विहिरींच्या लोककथांवर आख्खं पुस्तक लिहिलं. साती आसरा (पाण्यातल्या सात देवी, आसरा हा शब्द अप्सरावरून आलाय) विहिरीत, डोहात राहतात, त्यांच्यावर झाकण टाकून वर फुटपाथ केला तर त्या कुठे गेल्या? मेट्रोच्या खड्ड्यात? टँकरच्या पाण्यात?

आणखी एक, ज्यावर मी स्वतः लिहायचं ठरवलंय पण तुम्हीही घ्या. मालवण तालुक्यातल्या आचरे गावात दर काही वर्षांनी गावपळण होते, रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो आणि गाव रिकामा सोडतो. आता लालबागच्या एखाद्या चाळीत आचऱ्याची माणसं तीन पिढ्या राहतायत. गिरणगावात कोकणातल्या गावांच्या सामायिक खोल्या असायच्या, एकेका खोलीत गावातले वीस-तीस चाकरमानी राहायचे, आळीपाळीने झोपायचे. माणसं गाव घेऊन आली, मग पळण पण घेऊन आली असतील तर? दर तीन वर्षांनी तीन रात्री ती खोली रिकामी ठेवायची असा अलिखित नियम, 1982 च्या गिरणी संपातही मोडला नाही, आणि आता ती खोली कुणीतरी ऑनलाईन भाड्याने दिलीये, ज्या भाडेकरूला यातलं काही माहीत नाही.

जागा निवडताना

शनिवारवाड्याला थोडी विश्रांती द्या. काका मला वाचवा इतकं वापरून झालंय की वाचकाला आता त्यात नारायणरावाचं दुःखही दिसत नाही. पुणंच हवं असेल तर जमिनीखाली जा, पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा दगडी नळ आहे, त्याला वारा मिळावा म्हणून मध्ये मध्ये उच्छ्वास बांधलेत. शहर श्वास घेतं ती जागा, नावातच सगळं आहे. किंवा वेताळ टेकडी घ्या. शहरातली सगळ्यात उंच टेकडी, वर वेताळाचं देऊळ, सकाळी चालायला येणारे लोक, मोर, जुन्या दगडाच्या खाणी, आणि रस्ते-बोगद्याच्या योजनेविरुद्ध लोकांनी केलेली आंदोलनं. वेताळ भुतांचा राजा आहे. राजा त्या लढ्यात कुणाच्या बाजूने आहे?

इथे जरा जपून. वेताळ, म्हसोबा हे लोकांचे जिवंत देव आहेत. आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठाले चामडी चपलांचे जोड वाहतात, तो रात्री गावभर फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. त्या झिजलेल्या तळव्यांमध्ये किती प्रेम आहे ते बघा, लोक त्याच्या पायांची काळजी करतात. अशा देवाला उचलून सरळ व्हिलन करू नका. तो भीतीदायक असू शकतो, रागावू शकतो, पण तो कुणाचा तरी आहे हे पानावर दिसलं पाहिजे.

खऱ्या दुर्घटनांच्या बाबतीतही हेच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, माणसं गेली. त्या रात्री मिठी नदीच्या काठचा गिऱ्हा काय करत होता ही कल्पना माझ्या डोक्यात फार वर्षं आहे. जो कायम उथळ आहे सांगून खोलात न्यायचा, त्याने त्या रात्री पहिल्यांदा खरं सांगितलं असेल, इकडून जा, इथे मॅनहोल उघडं आहे, कारण बुडणं म्हणजे काय ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? असं लिहिताना खऱ्या मृतांपैकी कुणाला पात्र करू नका, आणि त्या मृत्यूंचं कारण भुतावर ढकलू नका, गटारं, बांधकामं, बुजवलेली खाडी यांना त्यांच्या जागी राहू द्या.

आणि चेटकीण, डाकीण. यावर माझं मत ठाम आहे. सातपुड्यात, नंदुरबार भागात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झालीये, जीव घेतलेत, हे आपल्याच राज्यात आणि आपल्याच काळात. 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यामुळे गावाने जिला डाकीण म्हटलं ती शेवटी खरंच डाकीण निघाली असा ट्विस्ट मी कधी लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. बाकी सगळी भुतं तुमची आहेत. या एका ठिकाणी जिवंत बाईचा जीव गुंतलेला आहे.

बोलणं

संवादांवर वेळ घालवा. आपल्याकडे कुणी सरळ भूत म्हणत नाही. बाहेरचं काहीतरी आहे, लागीर झालंय, झपाटलंय, जागा बरी नाही, तिथे जागेवाला आहे, त्याला नारळ द्यायचा राहिला. रात्री साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, तसंच हे. जो माणूस घाबरलाय तो शब्द टाळतो आणि ज्याला भीती नाही तो खुशाल नाव घेतो, एवढ्या फरकावर दोन पात्रं उभी राहतात. आणि भाषा किती भरलेली आहे बघा, झोटिंगशाही म्हणताना कुणाला झोटिंग आठवत नाही, मानगुटीवर बसलाय म्हणताना समंध आठवत नाही. एखाद्या मीटिंगमध्ये बॉसबद्दल कुणी म्हणावं की हा मानगुटीवर बसलाय, आणि फक्त नायिकेला ते तसंच्या तसं दिसावं.

आता ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं. भुताची गोष्ट सांगा असं म्हणून सुरुवात केलीत तर ते हसतील, काही नसतं रे तसलं म्हणतील. त्याऐवजी जागा विचारा. तुमच्या लहानपणी गावात कुठल्या वाटेने जायचं नाही असं सांगायचे? कुठल्या विहिरीवर दुपारी बारा वाजता पाणी भरायचं नाही? कुठल्या झाडाखाली थांबायचं नाही? असं विचारलं की आधी वाट येते, मग वाटेवरचं माणूस येतं, ते कसं गेलं ते येतं, आणि शेवटी आवाज खाली करून ते जे सांगतात ते कुठल्याही संग्रहात नसतं. फोनवर रेकॉर्ड करा पण आधी विचारून. आणि हे सकाळी विचारा, चहाच्या वेळेला. दिवे लागायच्या सुमारास विचारलंत तर माझी आजी विषय बदलायची, उठून देवापुढे निरांजन लावायची, आणि मग कितीही आग्रह केला तरी उद्या बघू म्हणायची.